तिसऱ्या मजल्यावरचा परवचा

ठाण्यात खोपटला मी चौतीस वर्षं राहिलो आणि संध्याकाळी मी घरात काय म्हणतो ते त्या चौतीस वर्षांत कुणालाही ऐकू गेलं नाही. त्याचं श्रेय एसटीला. डेपोच्या भिंतीला लागूनच आमची चाळ होती. सातच्या सुमाराला गाड्या मागे घेताना शिट्ट्या, हॉर्न आणि इंजिनं यांचा असा काही गजर चाले की त्यात मी आरती म्हटली काय आणि फ्रेंच म्हटलं काय, सारखंच.

मग ती चाळ पाडायची ठरली. ठाण्यातच राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीनं मला डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, ‘नाथा हाइट्स’ नावाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर पाहून दिलं. "तिथे शांतता आहे दादा, तुला वाचायला बरं," ती म्हणाली. शांतता होतीच. इतकी, की तळमजल्यावर कुणाच्या हातून किल्ली पडली तर पाचव्या मजल्यावर कळे. हे माझ्या ध्यानात यायला तीन महिने लागले. अशा गोष्टी माझ्या ध्यानात नेहमी उशिरा येतात.

लांज्याजवळच्या आमच्या गावी दिवेलागणीला वडील आम्हा भावंडांना ओळीनं बसवून परवचा म्हणून घेत. आधी तीसपर्यंतचे पाढे, मग पावकी, निमकी, शेवटी औटकी. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. त्याचा पुढे आयुष्यात मला एकदाही उपयोग झाला नाही; पण दिवा लागला की मांडी घालून काहीतरी म्हटल्याशिवाय मला आजही चैन पडत नाही. फक्त पाढ्यांच्या जागी हळूहळू फ्रेंच क्रियापदं आली.

फ्रेंच कसं आलं, तेही सांगतो. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होतो. पुड्या भरायची यंत्रं फ्रान्सहून यायची आणि त्यांची माहितीपुस्तकं फ्रेंचमध्ये असायची. एकदा साहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, "कोण शिकेल?" मी नजर चुकवायला मान खाली घातली. त्यांना वाटलं, मी हो म्हणालो. नाही म्हणायचा धीर झाला नाही, म्हणून मी शिकलो. पुढची सव्वीस वर्षं ‘चाक उजवीकडे फिरवावे, कळ दाबावी, तेल सोडावे’ असं मराठीत उतरवून देत राहिलो. फ्रेंच माणसाशी मात्र एक शब्दही बोललो नाही. एकदा तिकडून एक इंजिनिअर येणार होता, त्या आठवड्यात मला ताप आला. खरंच आला होता, भीतीनंही येतो.

माझ्याकडच्या व्याकरणाच्या पुस्तकात अगदी शेवटचा धडा होता इम्परफेक्ट सब्जंक्टिव्हचा. "त्यानं यावं असं तिला वाटत होतं" असं आपण म्हणतो ना, त्यातल्या ‘यावं’साठी फ्रेंच लोकांनी एक खास डौलदार रूप घडवलं आणि पुढे वापरायचं सोडून दिलं. धड्याच्या सुरुवातीलाच टीप होती: हे रूप आता बोलण्यात येत नाही, जुनी पुस्तकं वाचताना ओळखता आलं म्हणजे पुरे. ती टीप वाचून मला केवढा दिलासा मिळाला! कुणाशी बोलावं न लागणारं फ्रेंच. मी तो धडा पूर्ण पाठ केला. रोज चार क्रियापदं, सहा-सहा रूपं, पाढ्याच्या चालीवर. ‘असणे’ या क्रियापदाची तर अशी ठेक्यात बसतात:

क ज फ्यूस, क त्यू फ्यूस, किल फ्यू,
क नू फ्युस्यों, क वू फ्युस्ये, किल फ्यूस.

उच्चार बरोबर आहेत का, ते मला आजही माहीत नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. वारा यावा म्हणून मी लाकडी दार उघडं ठेवून जाळीचं दार तेवढं लावत असे. ‘येणे’चं ‘वँस, वँस, वँ’ चाललं होतं आणि बाहेर कुणीतरी आहे असं वाटलं. पाहतो तर जिन्याच्या चौकात बारा-तेरा वर्षांची एक मुलगी मांडी घालून, हात जोडून बसलेली. मी गप्प झालो.

"थांबू नका ना गुरुजी," ती म्हणाली. "आजीने सांगितलंय, गुरुजींचं चालू असताना मधे बोलायचं नाही."

कुठली आजी आणि कोण गुरुजी, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. ते न विचारता मी पुढचं रूप म्हटलं. ती माझ्यामागून म्हणाली. मी पुन्हा म्हटलं, ती पुन्हा म्हणाली. सव्वीस वर्षं नोकरी करून जे मला कुणी दिलं नव्हतं, ते गुरुजीपद मी जाळीच्या दाराआडून मुकाट्यानं घेऊन टाकलं.

ती दिशा. आणि तिची आजी म्हणजे बायजाबाई. आमची इमारत उभी आहे ती जमीन त्यांची. आधी भातशेती, पलीकडे मिठागर. नाथा हे त्यांच्या यजमानांचं नाव. यजमान गेले, शेती गेली, आणि तळमजल्याचे तीन फ्लॅट मिळाले. पण बायजाबाई अजून पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अशा बसतात की आपण त्यांच्या बांधावरून चाललो आहोत, असं वाटून मी चपला हळू टाकतो.

दुसऱ्या दिवशी दिशा आली ती दोघींना घेऊन. चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरचा ऋतुराज आला. तो सहा वर्षांचा, त्याला फक्त शेवटचं रूप जोरात म्हणायला आवडे. बाकीच्या वेळी तो ते कधी येतं याची वाट पाहत बसे. नाताळपर्यंत सहा मुलं झाली. जिन्यात थंडी वाजते म्हणून मी त्यांना आत घेतलं, सतरंजी घातली. मग बसल्याबसल्या काहीतरी द्यावं म्हणून चिकी आणून ठेवू लागलो. पावणेसातपासून मी घड्याळाकडे पाहू लागलो. आजवर माझ्या घरी ठरलेल्या वेळी फक्त दूधवाला येत असे.

जानेवारीत एकदा लिफ्टमध्ये आमच्या सोसायटीचे चेअरमन साईनाथ घोलप भेटले.

"काका, मानलं तुम्हाला," ते म्हणाले. "आमच्या ऋतूला एका जागी दोन मिनिटं बसवून दाखवा म्हटलं तर जमत नाही. तुमच्याकडे अर्धा तास बसतो. काय पॉवर आहे तुमच्या स्तोत्रात!"

"स्तोत्र?" मी म्हणालो.

"मिसेस बोलली, अथर्वशीर्ष नाही. रामरक्षा पण नाही. मी बोललो, अगं, आठल्ये आहेत ते. कोकणातले. त्यांच्या घराण्यातलं काहीतरी असणार. मधेमधे ‘किल किल’ येतं ना? ते कीलक, स्तोत्राच्या सुरुवातीला असतं ते. मी पुस्तकात बघितलं."

"नाही, म्हणजे ते—"

लिफ्ट थांबली. घोलप मला नमस्कार करून उतरले. आजवर ते मला नुसतं ‘काय काका’ म्हणायचे.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आडनाव आठल्ये, अंगावर धोतर नसलं तरी चष्मा आहे, दिवेलागणीला मांडी घालून मोठ्यानं न समजणारं काहीतरी म्हणतो. दुसरं काय वाटणार लोकांना? चूक त्यांची नव्हती. मी साधी संध्यासुद्धा करत नाही हे त्यांना कुठून कळणार? दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगून टाकायचं मी ठरवलं. मग पावणेसात वाजले, जिन्यात सहा जोडी चपलांचा आवाज आला आणि माझ्या मनात आलं: सांगितलं तर ही उद्या येणार नाहीत. आईबाप म्हणतील, भलत्याच गोष्टी पाठ करायला कशाला पाठवायचं? मी सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरच्या दिवशीही नाही. रोज एक दिवस पुढे ढकलत गेलो, आणि रोज चिकी थोडी जास्त आणत गेलो.

फेब्रुवारीत बायजाबाई स्वतः वर आल्या. लिफ्टवर त्यांचा विश्वास नाही, म्हणून तीन मजले चढून. दारात गुडघा चोळत उभ्या राहिल्या.

"गुरुजी, माझा विकी बसून हाय घरान. दिशाचा भाव. दोनदा परीक्षा झाली त्याची, दोनदा नाय बोलले. आता परत बोलावलाय वागळे इस्टेटला. तुमी एकवीस दिस त्याच्या नावान बोला ना तुमचा मंत्र."

आता सांगायलाच हवं होतं. मी घसा साफ केला. "बायजाबाई, मी जे म्हणतो ना, ते खरं म्हणजे—"

"नाय नाय!" त्यांनी पदर तोंडाशी नेला. "मना सांगू नका. गुरूनं दिलेला फोडून सांगू नये कुनाला. ताकद जाते त्याची."

आणि त्या उतरायला लागल्या. अर्ध्या जिन्यातून म्हणाल्या, "नारल मी बोलले हाय."

एकवीस दिवस मी विकीच्या नावानं फ्रेंच क्रियापदं चालवली. आता ऐकून हसू येईल, पण कुठलं क्रियापद घ्यावं याचाही मी विचार केला. खोटेपणा तर चाललाच होता, निदान त्यात ढिलाई नको. ‘मिळणे’, ‘जाणे’, ‘जमणे’, ‘असणे’ ही चार घेतली. म्हणताना मी मनात खरोखर विकीला डोळ्यांसमोर आणत होतो. तो मला जिन्यात एकदाच भेटला होता. कानात गाणी ऐकायची बोंडं घालून, खांदे पाडून चाललेला. मलाही पंचविसाव्या वर्षी असेच खांदे होते.

तेविसाव्या दिवशी विकीला नोकरी लागली.

त्याला ती त्याच्या अभ्यासामुळे लागली. तीन महिने तो पोरगा रात्रंदिवस कोर्स करत होता, हे मला दिशाच सांगत असे. पण बायजाबाई पेढे घेऊन आल्या, माझ्या पाया पडायला वाकल्या. मी मागे सरताना पुस्तकांच्या कपाटावर आपटलो.

"रविवारी पूजा हाय सोसायटीची," त्या म्हणाल्या. "सत्यनारायन. त्या टायमाला सगल्यांसमोर तुमी बोलायचा. मी साईनाथला सांगितलाय, माइक लावतो. माझा नवस हाय, मी फेडनार."

पूजा म्हणजे भटजी येणार. खरे भटजी. पहिल्या ओळीलाच त्यांना कळणार. लोकांसमोर मी आजवर कधी बोललो नाही, त्यात हे. रविवारी ठाण्याला बहिणीकडे निघून जावं, असं मी मनात ठरवलंही. ताप येतो का, तेही पाहिलं. नाही आला.

शुक्रवारी मुलं गेल्यावर मी दिशाला थांबवलं. निदान एकीला तरी आधी सांगावं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवून चार महिने हात जोडले होते.

"दिशा, बाळ, मी तुम्हाला फसवलं आहे," मी म्हणालो. "मी जे म्हणतो ते स्तोत्र नाही. मंत्रही नाही. ती..." मी व्याकरणाचं पुस्तक पुढे केलं. "ती दुसऱ्या देशातली भाषा आहे."

दिशानं चिकीचा तुकडा तोंडात टाकला. "फ्रेंच आहे. माहितीये."

"माहितीये?"

"पहिल्याच आठवड्यात मोबाइलला ऐकवलेलं मी. आधी तो रोमानियन बोलला. मग मी जवळ धरला तेव्हा फ्रेंच बोलला." तिनं आणखी एक तुकडा घेतला. "तुमचे उच्चार थोडे गंडलेत गुरुजी. पण चालतंय."

मी खुर्चीत बसलो. "आणि बाकीच्यांना?"

"सगळ्यांना. ऋतुराजला पण. त्याला बोललेय, घरी सांगितलंस तर शेवटची लाइन तुला बोलायला नाही मिळणार."

"पण मग तुम्ही सांगितलं का नाही घरी?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या वयाची लाज वाटली. "गुरुजी, साडेसहा ते साडेसात आमच्या घरी काय असतं माहितीये? पाणी भर, भांडी लाव, धाकट्या सोनूला खेळव. देवाचं चाललंय म्हणून आजी हाक नाही मारत. आणि मला ते आवडतं पण. फ्युस्यों, फ्युस्ये. शाळेत कोणालाच येत नाही. टीचरला पण नाही येत." मग ती एकदम गंभीर झाली. "तुम्ही रविवारी नका ना सांगू. आजी तुम्हाला काही नाही बोलणार. पण आमचं बंद होईल. ती एकदा नाही बोलली की मग पप्पा पण काही करू शकत नाहीत."

म्हणजे दोन्ही बाजूंनी कोंडी. मी सांगितलं तर मुलं जाणार. नाही सांगितलं तर एका म्हातारीचा नवस मी खोट्यावर फेडून घेणार, तोही तिच्याच जमिनीवर उभा राहून. शनिवारी दिवसभर मी एक ओळ वाचली नाही.

रविवारी पार्किंगमध्ये गाड्या बाहेर काढून सतरंज्या घातल्या होत्या. केळीचे खांब, चौरंग, प्रसादाच्या शिऱ्याचा वास. विकी दर्शनाला वाकला तेव्हा बायजाबाईंनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली आणि नारळ फोडला. आरती झाली. भटजी पोथी कापडात बांधत होते. घोलपांनी माइकवर दोनदा फुंकर मारली.

"आता आपले आठल्ये गुरुजी, ज्यांना आपण आजपर्यंत फक्त जिन्यातून ऐकत आलोय..."

टाळ्या पडल्या. मी उठलो. माइक माझ्या उंचीचा नव्हता, तो खाली करताना कर्कश आवाज झाला आणि ऋतुराज मोठ्यानं हसला. त्या हसण्यानं काय झालं कोण जाणे, पण मी ठरवलं होतं त्यातलं काहीच न बोलता सरळ म्हणालो:

"हे स्तोत्र नाही. माफ करा. मी रोज म्हणतो ती फ्रेंच भाषेतली क्रियापदं आहेत. फ्रान्स देशाची भाषा. त्यात मंत्र नाही, देवाचं नावही नाही. विकीला नोकरी त्याच्या कष्टानं लागली. मी आधीच सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही."

शिरा ढवळणारा झारासुद्धा थांबला. भटजी तेवढे हळूच म्हणाले, "तरीच घोलपांनी म्हणून दाखवलं तेव्हा कळेना, कुठल्या वेदशाखेचं." घोलप माइककडे, मग माझ्याकडे, मग पुन्हा माइककडे पाहायला लागले, जणू बिघाड माइकमध्ये आहे.

बायजाबाई खुर्चीवरून उठल्या. पुढे आल्या. दिशानं डोळे मिटून घेतलेले मला दिसले.

"एकवीस दिस माझ्या नातवाच्या नावान तुमी काय बोलले मंग?"

"तेच. क्रियापदं."

"त्यान देव नाय?"

"नाही."

"मंग काय हाय त्यान? सांगा मना. काय बोलतंय ते?"

आयुष्यात प्रथमच मला कुणी त्या धड्याचा अर्थ विचारत होतं. मी माइक विसरलो. "बायजाबाई, त्यात फक्त ‘व्हावं’ आहे. त्यानं यावं. तिला मिळावं. त्याचं जमावं. पूर्वी कुणाला तरी मनापासून वाटलं होतं की अमुक एक व्हावं, ते सांगायची ही पद्धत आहे. झालं की नाही, ते यात नसतं. नुसतं व्हावं, एवढंच."

त्या वळून बायकांकडे बघत म्हणाल्या, "मी देवलान उभी राहून दुसरा काय बोलते गं? विकीला काम मिलावा. दिशा पास व्हावी. गुडगा धरू नये. संस्कृत येते काय मना?"

"नाय येत," मागून कुणीतरी म्हणालं.

"मंग?" त्या परत माझ्याकडे वळल्या. "पन तुमी लबाडी केली गुरुजी. चार महिने. आमच्या गावान लबाडीला दंड असायचा."

"मान्य आहे," मी म्हणालो. खरंच मान्य होता.

"नुसता पाडा नको आता. त्याच्यान एक गोष्ट बोला. तुमच्या मनातली. खरी."

ते रूप मी तीस वर्षं पाठ म्हणत आलो होतो आणि त्याचं एकही वाक्य कधी केलं नव्हतं. वाक्याला बोलणारा लागतो आणि ऐकणारा लागतो. माझ्याकडे दोन्हींची उणीव होती. माझ्या समोर सतरंजीवर ती सहा मुलं बसली होती. दिशानं एक डोळा उघडला होता.

"ज वूले क वू वँस्ये," मी म्हणालो. उच्चाराचं ठाऊक नाही, पण क्रियापद बरोबर होतं. तेवढं मला नक्की माहीत होतं.

"म्हंजे?"

"तुम्ही यावंत, असं मला वाटत होतं."

"कोन आमी?"

"मुलं. म्हणजे... सगळेच. संध्याकाळी. म्हणून सांगितलं नाही."

बायजाबाई हसल्या. आधी नुसती मान हलली, मग खांदे, मग सगळ्या पार्किंगभर ते हसणं पसरलं. "अरे देवा! यो मानूस पोरांना बोलवाला चार महिने परदेशी भाषा बोलतोय! सरल बोलायचा ना, या रं पोरांनो म्हनून!"

विकीनं शिट्टी वाजवली. घोलपांना वाटलं, आता आपण काहीतरी बोललं पाहिजे, ते म्हणाले, "म्हणजे कीलक नव्हतंच?" आणि त्यांच्या मिसेसनी त्यांना कोपर मारलं. दिशा उभी राहिली. "आजी, आम्ही बोलून दाखवू?" उत्तराची वाट न पाहता सहाही जणांनी सुरू केलं. आरतीच्या ठेक्यात टाळ्या पडू लागल्या. भटजींनीही एक झांज उचलली. ऋतुराजनं ‘किल फ्यूस’ असं काही ओरडून म्हटलं की रस्त्यावरचा रिक्षावाला थांबून आत पाहू लागला.

मला वाटलं, त्या दिवशीचं हसणं त्या दिवशीपुरतं. सोमवारी सतरंजी घालायची की नाही, यावर मी साडेसहापर्यंत विचार करत बसलो. घातली आणि कुणी आलं नाही तर? शेवटी अर्धी घडी उलगडून ठेवली.

सात वाजायच्या आधीच जिन्यात आवाज आला. मुलं आली. त्यांच्या मागून घोलपांच्या मिसेस आल्या, "मी नुसती बसते," म्हणाल्या. सगळ्यांत शेवटी, प्रत्येक पायरीवर गुडघ्याला शिव्या देत, बायजाबाई. विकी मागून त्यांची प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला, ती ठेवून बाहेर पळाला.

"मना पन बोलायचा हाय एक," त्या बसता बसता म्हणाल्या. "विकीनं रोज घरी जेवाला यावा. कामाला लागला तसा बाहेरच खातो. घाला बगू तुमच्या त्या भाषेत."

"त्यानं यावं असं तुम्हाला वाटत होतं," मी सुरुवात केली. "तर क विकी—"

"वाटत होता कनाला? आता वाटते. आज वाटते. माझा म्हावरा शिजलाय खाली."

त्यांचं बरोबर होतं. आज वाटतं, त्यासाठी हे रूप नाही. त्यासाठी दुसरं आहे. साधं, आणि तिकडे लोक अजून रोज बोलतात ते. तो धडा पुस्तकात कितीतरी आधी येतो. मी तो एकदा वाचून सोडून दिला होता. बोलावं लागेल, या भीतीनं.

"ते मला नीट येत नाही," मी खरं तेच सांगितलं. "पाहावं लागेल."

"मग बघा ना," दिशा म्हणाली. "आम्ही थांबलोय."

मी पुस्तक मांडीवर घेतलं आणि शेवटाकडून मागे पानं उलटायला लागलो. धडा सापडला. मी एकेक रूप वाचलं आणि ती आठही तोंडं माझ्यामागून म्हणू लागली: व्यॅन, व्यॅन, व्यॅन. कुणालाच नीट जमत नव्हतं, मलाही नाही. ‘वन्यों’ला मी भरभर पुढे गेलो तर खुर्चीतून आवाज आला:

"हलू बोला ना गुरुजी. मागे लागलाय काय कोन?"